एकच राउटर, एकच प्लॅन, तरी प्रत्येक उपकरणावर वाय-फायचा वेग वेगळा का येतो?

जनकगंजकर:

सर्वांना नमस्कार. आमचे घर ग्वाल्हेरला लष्कर भागात, जनकगंजात आहे. आजोबांच्या काळातले दुमजली बांधकाम असून भिंती दगडाच्या, दीड फुटाहून जाड आहेत आणि तळमजल्याचे छत दगडी पटियांचे आहे. मागच्या महिन्यात आम्ही २०० एमबीपीएसचे (सेकंदाला २०० मेगाबिट वेगाचे) फायबर कनेक्शन घेतले. जोडणी करायला आलेल्या माणसाने राउटर तळमजल्यावरच्या बैठकीत, तार जिथून आत आली तिथेच, लोखंडी कपाटाच्या मागच्या भिंतीवर टांगला.

वेगाबद्दल घरात रोज वेगवेगळे बोलणे होऊ लागले, म्हणून गेले आठ दिवस रात्री साडेदहानंतर, इतर सर्व उपकरणे बंद करून, एकाच अ‍ॅपने मी वेग मोजला आणि वहीत लिहून ठेवला. बैठकीत माझ्या फोनवर १८५ ते १९५ मिळतात. त्याच खुर्चीवर बसून आईच्या फोनवर मोजले तर ४२ च्या वर आकडा कधीच जात नाही. टीव्ही तारेने राउटरला जोडलेला आहे, तरी तो दररोज बरोबर ९४ वर थांबतो. जुना लॅपटॉप बैठकीत ४५ दाखवतो. वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत मुलाच्या फोनला ६० ते ७० मिळतात, पण माझ्या पत्नीच्या फोनला तिथेच, त्याच मेजावर, जेमतेम १४ मिळतात. हे दोन्ही फोन एकाच मॉडेलचे असून एकाच दिवशी घेतलेले आहेत, त्यामुळे हा फरक मला सर्वांत जास्त कोड्यात टाकतो. आईच्या फोनला वर फक्त ९ येतात.

माझी पत्नी त्या वरच्या खोलीतून परगावच्या विद्यार्थ्यांना फोनवरून गाणे शिकवते. विद्यार्थ्यांचे गाणे तिला स्वच्छ ऐकू येते, पण तिचा आवाज मध्येच तुटतो अशी त्यांची तक्रार असते. तान अर्ध्यावर तुटली की शिकवण्याला अर्थच राहत नाही. सेवा देणाऱ्यांकडे विचारले तेव्हा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, असा सल्ला मिळाला. पैसे भरण्यापूर्वी या फरकाचे कारण समजून घ्यावे असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


मुरारकर:

आपण मोजमाप नीट मांडून विचारले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. आधी मूळ गोष्ट सांगतो. २०० हा आकडा फायबर घरात येऊन ज्या डबीत संपते तिथपर्यंतचा आहे. त्यापुढे राउटर आणि प्रत्येक उपकरण आपापसांत स्वतंत्रपणे जोडणीचा वेग ठरवतात, आणि ते ठरवताना उपकरणात किती अँटेना आहेत, ते वाय-फायच्या कोणत्या पिढीचे आहे, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (रेडिओ लहरींच्या वारंवारतेच्या भागावर) आहे की ५ च्या, चॅनेल (त्या पट्ट्यातला वापरासाठी घेतलेला तुकडा) किती रुंद आहे आणि त्या क्षणी सिग्नल किती जोरदार आहे, एवढ्या सगळ्यांचा विचार होतो. म्हणजे आपल्या घरात एक वाय-फाय नसून जितकी उपकरणे तितक्या वेगवेगळ्या जोडण्या आहेत, असे समजून पाहिले तर वहीतले बहुतेक आकडे आपोआप उलगडतात.

आईचा फोन घ्या. कमी किमतीच्या पुष्कळ फोनांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि एकच अँटेना असते. २००९ साली प्रमाणित झालेल्या, आज वाय-फाय ४ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिढीत अशा उपकरणाला २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसचा जोडणी-वेग मिळतो. हा हवेतला कच्चा वेग झाला. प्रत्येक वेळी आधी हवा मोकळी आहे का हे ऐकणे, मग पाठवणे, पलीकडून पोच येईपर्यंत थांबणे आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवणे, यांत त्याचा मोठा भाग खर्च होतो, आणि प्रत्यक्ष हाती येणारा वेग साधारण निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत असतो. म्हणून ४२ हा आकडा त्या फोनचा दोष दाखवत नाही. तो फोन त्याच्या पूर्ण ताकदीने चालतो आहे, आणि प्लॅन ३०० चा केला किंवा १००० चा केला तरी तो ४२ च देईल. जुन्या लॅपटॉपची स्थिती बहुधा हीच असावी. विंडोजमध्ये वाय-फायच्या गुणधर्मांच्या पानावर पट्टा आणि जोडणीचा वेग दोन्ही लिहिलेले असतात, ते एकदा पाहावे.

आपल्या स्वतःच्या फोनचे गणित अगदी उलट आहे. त्यात दोन अँटेना आणि ५ गिगाहर्ट्झची सोय असावी. २०१३ च्या वाय-फाय ५ या पिढीत ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर दोन अँटेनांना ८६६ एमबीपीएसचा जोडणी-वेग मिळतो. त्याचा निम्मा धरला तरी ४०० च्या पुढे जातो, म्हणजे तिथे हवा मोकळी आहे आणि प्लॅनच आडवा येतो. घरात प्लॅनची मर्यादा ज्याला जाणवते असे हे एकच उपकरण आहे, आणि तेही बैठकीत असताना.

टीव्हीचा ९४ हा आकडा मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो दररोज तितकाच येतो. हवेतला वेग असा एका जागी स्थिर राहत नाही. जिथे ९४ च्या आसपास वेग थिजलेला दिसतो तिथे वाटेत १०० एमबीपीएसचे इथरनेट (तारेची नेटवर्क जोडणी) आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत पाठवली जाते; तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक भरलेल्या पॅकेटला चौकट, पत्ते आणि मधली मोकळी जागा धरून १५३८ बाइटची जागा लागते आणि त्यात आपला मजकूर जास्तीत जास्त १४६० बाइटचा असतो, म्हणून १०० पैकी ९४-९५ च हातात पडतात. पुष्कळ स्मार्ट टीव्हींना, महागड्यांनाही, १०० चेच पोर्ट दिलेले असते. याची चिंता मात्र करू नये, कारण ४के चित्रपटालासुद्धा २५ एमबीपीएस पुरतात.

आता एक गोष्ट, जी लोकांच्या लक्षात क्वचितच येते. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. राउटरही त्यात आला. १५०० बाइटचे एक पॅकेट ४३३ एमबीपीएसच्या जोडणीवर पाठवायला मिलिसेकंदाचा सुमारे छत्तिसावा भाग लागतो, पण दूरच्या खोलीत सिग्नल क्षीण होऊन जोडणी ६ एमबीपीएसवर घसरली तर त्याच पॅकेटला पूर्ण २ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ त्या चॅनेलवरची बाकीची सगळी उपकरणे ताटकळत राहतात. त्यामुळे वरच्या खोलीतला एक मंद फोन स्वतः तर हळू चालतोच, पण हवेतला वेळ खाऊन शेजारच्या चांगल्या फोनलाही मागे खेचतो.

प्लॅनबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ३०० चा प्लॅन घेऊन आपल्या फोनला बैठकीत २८० मिळतील, आणि गाण्याची शिकवणी जशी तुटते तशीच तुटत राहील.


कंपूवासी:

आमच्याकडेही असाच त्रास होता. आम्ही वरच्या खोलीत एक रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे उपकरण) लावला आणि सिग्नलच्या सगळ्या काड्या भरल्या. आपणही तेच करून पाहावे. खर्च फारसा नाही आणि कोणतीही तार ओढावी लागत नाही.


थाटीपूरकर:

मी घरांमध्ये आणि दुकानांमध्ये नेटवर्कच्या तारा घालण्याचे काम करतो, आणि लष्करातली बरीच जुनी घरे आतून पाहिली आहेत. कंपूवासी यांचा अनुभव खरा असेल, परंतु या घरासाठी मी रिपीटर सुचवणार नाही. फोनवर दिसणाऱ्या काड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या सिग्नलच्या असतात. रिपीटर आणि राउटर यांच्यात काय चालले आहे हे त्या सांगत नाहीत. रिपीटर ज्या खोलीत लावायचा त्या खोलीतच सिग्नल क्षीण असेल तर तो क्षीण जोडणीवरून आलेलेच पुढे देतो. शिवाय साधा रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो. गाण्यासारख्या कामात तर दुहेरी प्रवासामुळे विलंबही वाढतो.

जनकगंजकर, आपल्या प्रश्नातले एक वाक्य वाचून मी थांबलो: राउटर लोखंडी कपाटाच्या मागे आहे. आपल्याकडच्या वालुकाश्माच्या जाड भिंतीतून सिग्नल बराच घटून का होईना, पण पलीकडे पोहोचतो. लोखंडी पत्र्यातून तो जातच नाही, परत फिरतो आणि कडांवरून वळसा घालून जे थोडेसे पोहोचते त्यावरच काम भागवावे लागते. अशा ठिकाणी राउटर टांगण्याचे कारण एवढेच असते की तार तिथे आत आली आणि काम लवकर उरकले. ग्राहकाने त्या वेळी आग्रह धरून आणखी दहा मीटर तार मागून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

आणखी एक विचारतो: वरच्या त्या खोलीच्या खिडकीत लोखंडी बॉडीचा कूलर बसवलेला आहे का? ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तो सगळीकडे असतो. पत्रा सिग्नल अडवतो आणि टाकीतले पाणी तो शोषून घेते, त्यामुळे राउटर आणि खोली यांच्या वाटेत कूलर येत असेल तर मार्च ते जून वेग वेगळा आणि हिवाळ्यात वेगळा, असेही मी पाहिले आहे. पावसाळ्यात ओल धरलेल्या दगडी भिंतीही कोरड्या भिंतींपेक्षा जास्त सिग्नल खातात.

काय करावे, तेही सांगतो. दगडी घरात सिग्नलला चांगली वाट म्हणजे जिना, कारण तिथे छताला मोठी मोकळी जागा असते. राउटर जिन्याच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी आणावा. बाहेरच्या अँटेना सरळ उभ्या असतील तर त्यांचा सिग्नल मुख्यतः आडवा, त्याच मजल्यावर पसरतो आणि थेट वर फार कमी जातो. त्यांपैकी एक अँटेना आडवी करावी. यानंतरही वरच्या मजल्याला कमी पडले तर जिन्याच्या कडेने तार वर नेऊन तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (तारेने राउटरला जोडलेले, वाय-फाय देणारे उपकरण) लावावा, हाच पक्का उपाय आहे. तार कॅट ६ ची (नेटवर्कच्या तारेचा हा एक दर्जा आहे) घ्यावी आणि आठही धागे नीट जोडून घ्यावेत. १०० एमबीपीएसला चार धागे पुरतात, पण १००० ला आठही लागतात, आणि त्या वाढीव चारांपैकी एखादा धागा जरी निसटला तरी जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सिग्नल मोजताना काड्या मोजू नयेत. फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझरचे एखादे अ‍ॅप घेऊन डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या शक्तीचा, आकडा पाहावा. तो ऋण असतो. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत बोलण्या-पाहण्याच्या कामाला ठीक, आणि उणे ७५ च्या खाली गेला की तुटणे सुरू होते. दर ३ डेसिबलला सिग्नलची शक्ती निम्मी होते आणि १० डेसिबलला दहावा हिस्सा उरतो, हे लक्षात ठेवून आकडे वाचावेत.


जनकगंजकर:

मुरारकर आणि थाटीपूरकर, आपले मनापासून आभार. रविवारी फायबरची तार वाढवून घेतली आणि राउटर जिन्याच्या पहिल्या वळणावर लावला. कूलर खिडकीत होताच, पण राउटर हलवल्यावर तो वाटेतून आपोआप बाजूला झाला. वरच्या खोलीत मुलाच्या फोनवर आधी उणे ७४ दिसत होते, आता उणे ६३ दिसतात, आणि वेग १३० च्या आसपास येतो. आईच्या फोनला वर ९ ऐवजी २४ मिळतात. लॅपटॉप पाहिला. त्यात खरोखरच फक्त २.४ चा पट्टा आणि एक अँटेना आहे, म्हणून त्याचे ४५ तसेच आहेत.

पण पत्नीच्या फोनचा प्रश्न उरलाच. तिचा फोन आता २२ दाखवतो, आणि शेजारी ठेवलेला मुलाचा तसाच फोन १३०. विद्यार्थ्यांची तक्रार कमी झाली, थांबली नाही. एकाच घडणीच्या दोन फोनांत एवढे अंतर का असावे?


मुरारकर:

पत्नीच्या फोनवर वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडा आणि तिथे वारंवारता २.४ लिहिली आहे का ते पाहा. माझा अंदाज आहे की तसेच असेल. आपल्या राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असणार. अशा वेळी कोणत्या पट्ट्यावर बसायचे आणि तिथून केव्हा उठायचे हे मुख्यतः फोन ठरवतो, राउटर त्याला फार तर सुचवू शकतो. ताई बाहेरून घरी येतात तेव्हा दारापाशी आधी २.४ चा सिग्नल पकडला जातो, कारण कमी वारंवारतेच्या लहरी भिंतींतून जास्त दूर पोहोचतात. पुढे ५ चा सिग्नल चांगला मिळू लागला तरी हातातली जोडणी चालू आहे तोपर्यंत पुष्कळ फोन ती सोडत नाहीत. मुलाचा फोन घरातच सुरू झाला असेल म्हणून तो ५ वर बसला. फरक दोन फोनांच्या घडणीत नाही, त्या दिवशी कोण कुठून जोडला गेला यात आहे.

आणि २.४ च्या पट्ट्यावर जागाच थोडी आहे. तो सगळा मिळून २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे, आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच बसतात: १, ६ आणि ११. जनकगंजासारख्या भिंतीला भिंत लागून घरे असलेल्या वस्तीत खिडक्या-गच्च्यांतून शेजाऱ्यांचे सिग्नल येतात आणि त्याच तीन चॅनेलांवर आदळतात. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालते आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये मात्र ऑक्टोबर २०१८ च्या सरकारी अधिसूचनेनंतर आपल्या देशात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरायला मोकळे आहेत. अरुंद गल्ली आणि रुंद रस्ता यांत जेवढा फरक, तेवढा इथे आहे.

गाण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, म्हणून थोडे अधिक लिहितो. ताईंना विद्यार्थी स्वच्छ ऐकू येतात आणि विद्यार्थ्यांना ताई तुटक ऐकू येतात, याचा अर्थ राउटरकडून फोनकडे येणारी वाट ठीक आहे आणि फोनकडून राउटरकडे जाणारी वाट कमजोर आहे. राउटर विजेवर चालतो, त्याच्या अँटेना मोठ्या असतात आणि तो जोराने बोलू शकतो. फोन बॅटरी वाचवत, लहानशा अँटेनांतून, त्याहून बऱ्याच कमी शक्तीने बोलतो. फोनवरच्या काड्या फक्त राउटरचा आवाज फोनपर्यंत किती पोहोचतो तेवढेच सांगतात. फोनचा आवाज राउटरपर्यंत किती पोहोचला, हे त्यांत दिसत नाही. म्हणून काड्या भरलेल्या असतानाही आवाज तुटू शकतो. शिवाय गाण्याला १०० एमबीपीएसची गरजच नाही. उत्तम आवाजालाही अर्धा एमबीपीएस खूप झाला. त्याला लागतो तो ठेका, म्हणजे प्रत्येक पॅकेट वेळेवर पोहोचणे. गजबजलेल्या पट्ट्यावर पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावे लागते, कधी लवकर तर कधी उशिरा पोहोचते, आणि उशिरा आलेले पॅकेट टाकून द्यावे लागते. तान तुटते ती तिथे. वेग मोजणारे अ‍ॅप काही सेकंदांची सरासरी दाखवत असल्याने हा दोष त्यात दिसत नाही.

राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्या. ताई, मुलगा आणि आपण ५ वर राहा, आणि त्या फोनांतून २.४ चे नाव विसरायला लावा, नाहीतर फोन पुन्हा तिकडे जाईल. आईचा फोन आणि लॅपटॉप २.४ वर राहू द्या. २.४ चा चॅनेल २० मेगाहर्ट्झ रुंदीचाच ठेवा, कारण तिथे ४० केल्यास अर्धा पट्टा व्यापला जातो आणि शेजाऱ्यांशी झटापट वाढते.


थाटीपूरकर:

मुरारकरांच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो. शिकवणीच्या वेळी फोन हातात किंवा मांडीवर नसावा, स्टँडवर जिन्याच्या दाराकडे उघडा ठेवावा. हाताच्या तळव्यात धरलेल्या फोनचा सिग्नल तळवाच बराच शोषतो, आणि आपल्या घरात कमजोर आहे ती जाणारी वाट, तिला तेवढाही तोटा परवडत नाही. पत्र्याचे किंवा चुंबकाचे झाकण असलेले कव्हर असेल तर तेही काढावे.


जनकगंजकर:

तपशिलात २.४ च निघाले. नावे वेगळी केली, तिच्या फोनमधून जुने नाव काढून टाकले आणि आता त्याच मेजावर १२८ येतात. बुधवार आणि गुरुवार, दोन्ही दिवसांची शिकवणी मी शेजारच्या खोलीत बसून ऐकली. एका विद्यार्थ्याकडून ध्वनिमुद्रण मागवून पाहिले, त्यात विलंबित ख्यालाच्या चाळीस मिनिटांत आवाज फक्त एकदा तुटला, आणि ती वेळ वहीतल्या नोंदीशी ताडली तेव्हा आई फोन घेऊन जिन्यातून वर येत होती. फोन स्टँडवर ठेवणेही सुरू केले आहे. लॅपटॉपसाठी ५ गिगाहर्ट्झचा यूएसबी अडॅप्टर मागवला आहे. प्लॅन २०० चाच ठेवला, आणि दिवाळीपूर्वी रंगकाम निघेल तेव्हा जिन्याच्या कडेने कॅट ६ ची तार वर नेऊन घेणार आहोत. थाटीपूरकर, आठ धाग्यांची गोष्ट त्या माणसाला मी स्वतः उभे राहून सांगेन.